बी.लिब. झालं, पुढे काय? ग्रंथालय आणि माहितीशोध क्षेत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयशास्त्र शिकणारी मुलं, नोकरीच्या शोधात असलेले पदवीधर आणि बरीच वर्षं काउंटरवर देवघेव सांभाळून आता काही नवं शिकू पाहणारे सहकारी नेहमी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर महाराष्ट्र आणि गोव्यावर आहे. नियम बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी मूळ जाहिरात वाचायचीच.

या क्षेत्रात खरंच नोकऱ्या आहेत का?

आहेत, पण सगळे जिथे शोधतात तिथे कमी आहेत. अनुदानित महाविद्यालयातली ग्रंथपालाची कायम जागा सगळ्यांनाच हवी असते. एकेका कॉलेजात ती एकच असते आणि बसलेला माणूस निवृत्त झाला तरी भरतीची परवानगी येईपर्यंत वर्षं जातात. सरकारी, निमसरकारी जागा वर्षभर थोड्याथोड्या निघत राहतात, पण त्या देशभर विखुरलेल्या असतात. तिसरा प्रकार वाढतो आहे: दस्तऐवजांचं डिजिटायझेशन, संशोधन संस्थांतले प्रकल्प, कंपन्यांमधलं माहिती व्यवस्थापन, पेटंट शोध. त्या जाहिरातीत 'ग्रंथपाल' हा शब्द बहुधा नसतोच, म्हणून आपली मुलं ती जाहिरात उघडूनही बघत नाहीत.

सर्टिफिकेट कोर्स, बी.लिब., एम.लिब. यांपैकी कुठवर शिकावं?

सार्वजनिक वाचनालयात किंवा शाळेत काम करायचं असेल तर सर्टिफिकेटवर सुरुवात होते. केंद्रीय विद्यालय, नवोदय, रेल्वे, सरकारी कार्यालयं यांना बहुतेक ठिकाणी बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी चालते. महाविद्यालय आणि विद्यापीठासाठी मात्र एम.लिब.ला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेतच, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सूट आहे. ५४.८ टक्के मिळालेल्या उमेदवारांची अवस्था बघवत नाही, तेव्हा पहिल्या सत्रापासून टक्केवारीवर लक्ष ठेवा.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन जुने, मान्य मार्ग आहेत. नियमित शिक्षणासाठी पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांचे विभाग आणि मुंबईत एसएनडीटीचं ग्रंथालयशास्त्र विद्यालय आहे. गणित किंवा संगणकाची गोडी असेल तर बंगळुरूच्या डीआरटीसीची प्रवेश परीक्षा नक्की द्या. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये उभी केलेली ही संस्था भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग आहे. तिथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम विद्यावेतनासह असतो. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत माहितीशोध, म्हणजे साठ्यातून हवी ती माहिती शोधून काढण्याचं शास्त्र, एका पेपरापुरता येतो, तिथे तो मुख्य विषय असतो. महाराष्ट्रातून तिथे जाणारे फार थोडे, आणि याचं एक कारण म्हणजे कोणी सांगितलेलंच नसतं.

नेट द्यावी की सेट?

दोन्ही. महाविद्यालय-विद्यापीठातल्या पदांसाठीच्या या पात्रता परीक्षा. फी भरायला दोनदा जिवावर येतं हे मान्य, पण अभ्यास एकच आहे.

नेट राष्ट्रीय चाचणी संस्था घेते, साधारणपणे वर्षातून दोनदा. ग्रंथालय व माहितीशास्त्राचा विषय क्रमांक ५९. पहिल्या, सर्वसाधारण अभियोग्यतेच्या पेपरात ५० आणि दुसऱ्या, विषयाच्या पेपरात १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरले जातात, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता थोडक्यात हुकली तरी हाती काही लागू शकतं. जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं.

सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिचं प्रमाणपत्र याच दोन राज्यांत चालतं. उद्या गुजरातेत किंवा एखाद्या केंद्रीय विद्यापीठात अर्ज करायचा झाला तर नेटच लागेल.

लोक पहिल्या पेपरात अडकतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वर्गीकरण आणि तालिकाकरण (पुस्तकांच्या सूचीनोंदी करणं) तोंडपाठ असलेली मुलं तक्त्यांचे आणि तर्काचे प्रश्न आले की गडबडतात. रोज अर्धा तास त्यालाच द्या.

महाविद्यालयीन ग्रंथपालाचा पगार किती असतो?

२०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे नियमित पदाची सुरुवात वेतनस्तर १० वर, मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. हा झाला कायम, मान्यताप्राप्त जागेचा पगार. विनाअनुदानित कॉलेजमध्ये त्याच खुर्चीवर बसून त्याच्या चौथाईहून कमी पगारात काम करणारे पुष्कळ आहेत. मुलाखतीत पगाराचा आकडा आणि तो कुठल्या खात्यातून येणार, हे दोन्ही विचारायला लाजू नका. 'मान्यता प्रस्तावित आहे' असं उत्तर आलं तर ती मान्यता किती वर्षांपासून प्रस्तावित आहे, हेही विचारा.

केंद्र सरकारच्या जागा कुठे निघतात?

केंद्रीय विद्यालय संगठन आणि नवोदय विद्यालय समिती यांची ग्रंथपाल भरती सर्वांत मोठी असते. तिथला पगार वेतनस्तर ७, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० पासून. ही भरती दरवर्षी होत नाही, काही वर्षांनी एकदम होते, त्यामुळे वयोमर्यादा जवळ आलेल्यांनी गाफील राहू नये. रेल्वे भरती मंडळाच्या मिनिस्टेरियल आणि आयसोलेटेड प्रवर्गात ग्रंथपालाच्या मोजक्या जागा असतात आणि त्यांकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. आयआयटी, आयसर, एनआयटी, आयआयएम यांच्या संकेतस्थळांवर 'लायब्ररी इन्फॉर्मेशन असिस्टंट' किंवा 'लायब्ररी ट्रेनी' अशा नावाच्या जागा येतात.

ट्रेनीची जागा एका वर्षाची आणि विद्यावेतनावरची असते, म्हणून घरचे नाक मुरडतात. आमच्या मते बी.लिब. झाल्यावर याहून चांगलं वर्ष मिळणार नाही. मोठ्या संस्थेत एका वर्षात संशोधकांचे प्रश्न, डेटाबेस, संस्थात्मक भांडार (संस्थेच्या लेख-प्रबंधांचा डिजिटल साठा), आरएफआयडी (पुस्तकांवरचे रेडिओ टॅग) हे सगळं हाताखालून जातं. गावाकडच्या कॉलेजात दहा वर्षांत तेवढं बघायला मिळत नाही.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी करावी का?

पोट त्यावर चालणार असेल तर आधी हिशेब मांडा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे वार्षिक परिरक्षण अनुदान मिळतं. अनुदानाचा साधारण निम्मा भाग पगारावर खर्च करायचा असतो. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, पण ती मिळण्याआधी रकमाच इतक्या लहान होत्या की ड वर्गातल्या ग्रंथपालाला आजही महिन्याकाठी जे मिळतं त्याला पगार म्हणणं धाडसाचं आहे. त्यात अनुदान हप्त्यांनी येतं. वेतनश्रेणीची मागणी कित्येक दशकं जुनी आहे. मोर्चे निघतात, आश्वासनं मिळतात.

तरीही तिथे काम करणाऱ्यांना कमी लेखू नये. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. ही परंपरा अशाच तुटपुंज्या मानधनावर टिकली. शिकत असताना संध्याकाळची पाळी करायला, वाचक कसा विचारतो हे कानाने ऐकायला याहून चांगली जागा नाही. 'ते निळ्या कव्हरचं, मागच्या दिवाळीत माझ्या वहिनीने नेलेलं पुस्तक द्या' ही मागणी ज्याला पुरी करता येते, त्याला संदर्भसेवा वेगळी शिकवावी लागत नाही.

गोव्यात संधी आहेत का?

संख्येने कमी, पण व्यवस्था बरी. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा आहे आणि पणजीच्या पाटो भागातलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून चालत आलेलं आहे. पोर्तुगीज काळातली वृत्तपत्रं आणि दप्तरं तिथे आहेत. मराठी, कोंकणी आणि थोडी पोर्तुगीज वाचता येणारा माणूस तिथे दुर्मीळ आहे. सरकारी नोकरीसाठी कोंकणीचं ज्ञान आणि रहिवासाच्या अटी नीट पाहाव्यात.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं, आता कॉलेजच्या ग्रंथपालाला काम काय उरलं?

उलट काम आत्ता आलं. सरकारी संस्थांना परदेशी नियतकालिकं एकाच वर्गणीत देणारी ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. यूजीसीचं गांधीनगरमधलं ग्रंथालय-जाळ्याचं केंद्र, इन्फ्लिबनेट, तिचं संयोजन करतं. ज्या तालुक्याच्या सरकारी कॉलेजात कालपर्यंत एकही परदेशी जर्नल येत नव्हतं, तिथे आता हजारो उघडतात.

उघडतात, पण उघडतो कोण? नोंदणी झाली आहे की नाही, आयपी पत्ता बरोबर दिला आहे का, घरून वापरायचं तर काय करायचं, हे प्राध्यापकांना कोणी सांगितलेलं नसतं. मग योजना सुरू असूनही लेख मिळवायला दिल्लीतल्या मित्राला फोन जातो. पुढे वापराचे आकडे बघूनच योजनेचं मूल्यमापन होणार, हे उघड आहे. महिन्याला एक तासाचं प्रात्यक्षिक ठेवा, विभागवार. भौतिकशास्त्राच्या लोकांना त्यांच्याच विषयाचा लेख समोर शोधून दाखवा. 'ई-संसाधनांचे महत्त्व' या विषयावर दीपप्रज्वलनासह व्याख्यान ठेवण्यापेक्षा ते बरं.

खासगी कॉलेज या योजनेत सहसा बसत नाही. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट ही ई-जर्नल आणि ई-पुस्तकांची सेवा आहे. ती अगदी कमी वर्गणीत मिळते आणि कित्येक ठिकाणी घेतलेली असूनही तिचा पासवर्ड ग्रंथपालाशिवाय कोणाला माहीत नसतो.

यूजीसी-केअर यादी बंद झाली. प्राध्यापक आम्हालाच विचारतात, आता कुठलं जर्नल चालेल?

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची ही यादी थांबवली आणि जर्नलची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. संस्थेत हे काम जाणणारा माणूस बहुतेकदा ग्रंथपालच. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना आपण तिथे आहोत हे ठाऊक आहे का, समीक्षण किती दिवसांत होतं, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) तपासल्यावर तेच नाव येतं का, पैसे आधी मागतात का, एवढं बघितलं तरी बरीच दुकानं उघडी पडतात. चार दिवसांत लेख स्वीकारणारं जर्नल समीक्षण करत नसतं, हे प्राध्यापकांनाही ठाऊक असतं. ते ग्रंथपालाने लेखी सांगावं, एवढीच त्यांची अडचण असते.

कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

कोहा, ग्रंथालयाची नोंदणी-देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी ते तयार झालं, २००० च्या जानेवारीत चालू झालं आणि मुक्त स्रोत असल्याने जगभर पसरलं. स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून शिकता येतं, हा त्याचा मोठा फायदा. त्याखालोखाल एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आणि इन्फ्लिबनेटचं सोल. महाराष्ट्रातल्या जुन्या कॉलेजांत पुण्यात तयार झालेलं स्लिम अजून भेटतं. संस्थेचे प्रबंध, लेख, जुनी कागदपत्रं ठेवायची तर डीस्पेस.

पण सॉफ्टवेअर 'येतं' म्हणजे काय? देवघेव करता येणं हे येणं नव्हे. हजार नोंदी एक्सेलमधून मार्क २१ या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात आणून कोहात चढवता येतात का, चढवल्यावर लेखकाच्या जागी प्रकाशक आला तर दुरुस्त करता येतो का, बॅकअप घेऊन तो परत उभा करून दाखवता येतो का? हे करणाऱ्याला शहरातली चार कॉलेजं बोलावून काम देतात.

माहितीशोध हा संगणकवाल्यांचा विषय ना? आपला त्यात काय संबंध?

संबंध पहिल्यापासूनचा आहे. शोधयंत्र चांगलं की वाईट हे मोजायची जी पद्धत आज सगळे वापरतात, तिचा पाया इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड इथल्या एरोनॉटिक्स कॉलेजच्या ग्रंथपालाने घातला. त्याचं नाव सिरिल क्लेव्हरडन. १९६० च्या दशकात त्याने ठरावीक लेख, ठरावीक प्रश्न आणि कोणत्या प्रश्नाला कोणता लेख खरा उपयोगी आहे याचे माणसांनी दिलेले निवाडे असा संच तयार केला. मग दोन गोष्टी मोजल्या: आलेल्यांपैकी कामाचे किती, आणि कामाचे होते त्यांपैकी आले किती. आजची मोठी शोधयंत्रंही याच दोन आकड्यांपुढे हजेरी लावतात.

त्यातला 'हा लेख या प्रश्नाला उपयोगी आहे की नाही' हा निवाडा देणं हेच संदर्भ ग्रंथपालाचं रोजचं काम आहे. कंपन्या त्यासाठी माणसं घेतात. पदाचं नाव असतं सर्च क्वालिटी ॲनालिस्ट, टॅक्सॉनॉमिस्ट, मेटाडेटा स्पेशालिस्ट. थोडी पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा), थोडं एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि वर्गीकरणाची पक्की बैठक असलेला उमेदवार तिथे उठून दिसतो. निव्वळ संगणकवाला वर्गीकरण जाणत नाही आणि आपल्यातला बहुतेक जण पायथॉनचं नाव काढलं की पाणी प्यायला उठतो. दोन्ही थोडंथोडं येणाऱ्याला स्पर्धा नाही.

मराठीत शोधलं की हवं ते का सापडत नाही?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण या पानावरचा आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाचा हाच. इथे काम पडून आहे आणि ते मराठी येणाऱ्यालाच करता येईल.

पहिली भानगड अक्षरांची. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲड.' मधल्या ॲचंही तेच: एकदा ते एकसंध अक्षर असतं, एकदा अ वर चंद्र दिलेला असतो. तालिकेत नोंद एका प्रकारे झाली आणि वाचकाने दुसऱ्या प्रकारे टाइप केलं की 'पुस्तक उपलब्ध नाही'. पुस्तक मात्र मागच्या रॅकवर धूळ खात असतं.

दुसरी भानगड जुन्या फॉन्टांची. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडची हजारो ग्रंथांची नोंदणी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत झाली. फॉन्ट असेल तोवर अक्षरं मराठी दिसतात, फॉन्ट गेला की नुसती रोमन चिन्हं. अशी यादी आजही कित्येक संस्थांत एखाद्या जुन्या सीडीवर आहे. तिचं रूपांतर करणं, जोडाक्षरं तपासणं, वेलांट्या जागेवर आणणं हे काम रीतसर मोबदला घेऊन करण्यासारखं आहे.

तिसरी आणि खरी अवघड भानगड म्हणजे सामान्यरूप. पाणी, पाण्यात, पाण्याखालचा. नदी, नद्यांचा. घोडा, घोड्यावरून. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा एस काढला की बरंच भागतं. मराठीत विभक्तीचा प्रत्यय काढला तरी मूळ शब्द परत मिळत नाही, कारण आतला स्वरही बदललेला असतो. आणि आंधळेपणाने प्रत्यय छाटला तर 'बंगला' मधला 'ला' जाऊन 'बंग' उरतो, 'मसाला'चा 'मसा' होतो. तयार शोधप्रणालींमध्ये हिंदीसाठी जशी सोय मिळते तशी मराठीसाठी आयती मिळत नाही, बहुतेक वेळा ती स्वतःच जुळवावी लागते.

चौथी भानगड नावांची. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम हा एकच माणूस, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे, यंत्राला नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचंही तसंच. आद्याक्षरांत कुठे टिंब, कुठे जागा, कुठे दोन्ही नाही. प्रमाण नावांची यादी हे तालिकाकरणाच्या पेपरात दहा गुणांसाठी पाठ केलेलं प्रकरण इथे जिवंत होतं.

काम अगदी शून्यातून सुरू करायचं नाही. भारतीय भाषांतल्या माहितीशोधासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या फायर या उपक्रमात पहिल्यापासून मराठी आहे, तिथे मराठी वृत्तपत्रांतल्या बातम्यांचा चाचणीसंच तयार झाला. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने मराठीसाठी महाबर्ट हे भाषाप्रारूप खुलं केलं आहे. भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी केंद्राची भाषिणी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सत्कार आणि सोहळे झाले. आता कोणी तरी बसून प्रमाण नावांची यादी करायला हवी आहे.

चॅटबॉट आल्यावर ग्रंथपाल कशाला लागेल?

गेल्या दोन-तीन वर्षांत संदर्भ विभागात एक नवाच वाचक येऊ लागला आहे. त्याच्या हातात चॅटबॉटने दिलेली वीस संदर्भांची यादी असते आणि तो म्हणतो, 'यातले काहीच मिळत नाहीत, तुमचं ग्रंथालय अपुरं आहे.' लेखकाचं नाव खरं, जर्नलही खरं, लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. हे दहा मिनिटांत उलगडून दाखवता येणं हे आता कौशल्य आहे.

काही कामं जातील. साधी सूची, गोषवारा, प्राथमिक विषयशीर्षकं यंत्र झपाट्याने करतं. नाकारण्यात अर्थ नाही. पण संस्थेची स्वतःची कागदपत्रं वाचून उत्तर देणारी प्रणाली उभी करायची तर कागदपत्रं आधी नीट नोंदलेली, दुहेरी प्रती काढलेली, तारखा घातलेली असावी लागतात. ते काम कोण करणार, हा प्रश्न बैठकीत विचारला गेला की सगळे खाली बघतात. तिथे हात वर करा.

डिजिटायझेशनची कामं मिळतात का? आणि स्कॅन केलं तर कॉपीराइटचं काय?

मिळतात, पण बहुतेक कंत्राटी आणि पानामागे दराने. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी जुन्या संग्रहाचं काम वर्षानुवर्षं चालणारं असतं. नुसता स्कॅनर चालवणारा माणूस सहज मिळतो. कागद ठिसूळ झालाय की नाही हे बोटाला कळणारा आणि प्रत्येक फाइलला मेटाडेटा (ती काय, कोणाची, कधीची याची नोंद) देणारा मिळत नाही.

कॉपीराइटचा नियम पुस्तकासाठी असा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून खुलं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं वर्षही बघायचं, प्रस्तावना दुसऱ्याची असेल तर तिचंही. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे असेल, तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची मुभा कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. जतनासाठी ठेवणं वेगळं आणि व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ टाकणं वेगळं, हे व्यवस्थापक मंडळालाही एकदा सांगून ठेवा.

मोडी शिकून उपयोग होईल का?

होईल. पुण्याच्या पेशवे दप्तरातच इतके मोडी कागद आहेत की वाचणारे कमी पडतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं. शिवाय २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् मिशनमध्ये एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करायचं आहे. बी.लिब. आणि मोडी अशी जोडी असलेल्याला या कामात वाव आहे. जुन्या जमिनींचे, वतनांचे कागद वाचून द्यायची खासगी कामंही भरपूर येतात.

खासगी कंपन्यांत कुठे बघावं?

पेटंट शोध करणाऱ्या कंपन्या पुणे, बंगळुरू, नोएडा इथे आहेत. त्यांना विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, वर ग्रंथालयशास्त्र असेल तर सोन्याहून पिवळं. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण म्हणजे आपल्या दशांश वर्गीकरणाचा जास्त किचकट चुलतभाऊ. औषध कंपन्या आणि वैद्यकीय संशोधन संस्थांना पद्धतशीर आढाव्यासाठी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये नेमका शोध बांधून देणारी माणसं हवी असतात. मुंबईतल्या मोठ्या वकिली कचेऱ्यांत ग्रंथपाल असतातच. सल्लागार कंपन्यांत नॉलेज मॅनेजमेंट.

परदेशात?

अमेरिकेत ग्रंथपाल व्हायचं तर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी बहुतेक ठिकाणी मागतात. आपली एम.लिब. थेट चालत नाही, खर्च मोठा आहे. मराठी येण्याचा थेट उपयोग दोन ठिकाणी होतो. मोठ्या विद्यापीठांत दक्षिण आशिया विभागाचे ग्रंथपाल असतात, त्यांत भारतीय भाषा येणाऱ्यांना किंमत आहे. आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाचं नवी दिल्लीतलं कार्यालय १९६२ पासून मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या ग्रंथालयांना पाठवतं, त्यासाठी इथेच बसून तालिकाकरण करणारी माणसं लागतात.

मुलाखतीत काय विचारतात?

रंगनाथनांचे पाच नियम अजूनही विचारतात, १९३१ हे सालही. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन का, हेही. ते येतंच सगळ्यांना. खरी परीक्षा समोर पुस्तक ठेवून 'वर्गांक द्या', म्हणजे विषयाचा क्रमांक द्या, म्हणतात तेव्हा. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६, कादंबरी-कथा ८९१.४६३, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२, इथवर ठीक. पण हाती आलं कोकणातल्या भुतांच्या गोष्टींचं पुस्तक. पटकन ८९१.४६३ म्हणणारे पुष्कळ. आधी प्रस्तावना उघडा. गोष्टी लोकांकडून ऐकून गोळा केलेल्या असतील तर लोककथा, ३९८.२. लेखकाने रचलेल्या असतील तर ८९१.४६३. उत्तर देण्याआधी तुम्ही पुस्तक उघडता की नाही, तेच समोरचे बघत असतात.

वय ३५ च्या पुढे गेलं आहे. उशीर झाला का?

केंद्रीय विद्यालयासाठी खुल्या प्रवर्गातल्यांना बहुधा झाला. राज्य सरकारच्या पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही सर्वसाधारण मर्यादा आहे. सेटला आणि सहायक प्राध्यापकपदाच्या नेटला वयाची अट नाही. खासगी आणि प्रकल्पाच्या कामांत वय कोणी विचारत नाही.

जाहिरात खरी की खोटी, कसं ओळखावं?

अर्जाचं शुल्क एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागत असतील तर खोटी. सरकारी संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता बहुतेकदा जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन ने संपणारा असतो, विद्यापीठांचा बहुतेकदा एसी डॉट इन ने. मिळताजुळता, पण शेवट वेगळा असलेला पत्ता दिसला की थांबा. 'संस्थाचालकांची ओळख आहे, देणगीचं बघून घेऊ' हा प्रकार कसा चालतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पद मान्य नसताना देणगी देऊन बसलेली माणसं दहा-दहा वर्षं मान्यतेची वाट बघताना आम्ही पाहिली आहेत. पद रीतसर मंजूर आहे का, बिंदुनामावली (आरक्षणाची क्रमवार नोंद) तपासून घेतली आहे का, विद्यापीठाची परवानगी आहे का, ही तीन कागदपत्रं दाखवा म्हणावं. पहिल्या कागदालाच टाळाटाळ झाली तर चहा घेऊन निघावं.

बातम्या आणि जाहिराती नियमित कुठे बघायच्या?

रोजगार समाचार, दर आठवड्याला. ग्रंथालय संचालनालय, इन्फ्लिबनेट आणि यूजीसी यांची संकेतस्थळं महिन्यातून दोनदा. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा भरतीचा विभाग. मुंबईकरांनी बोस्ला या विज्ञान ग्रंथपालांच्या संघटनेच्या कार्यक्रमांना जावं, बाकीच्यांनी जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनाला. अधिवेशनातल्या भाषणांत नवं फार नसतं, पण कुठल्या कॉलेजचे ग्रंथपाल येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत ही बातमी जेवणाच्या रांगेतच कळते.